एकवीस नंबरची पऱ्हाटी

सरकारनं घर बांधणं सोपं केलं, ही बातमी मी इतक्या वेळा वाचली आहे की आता तसला मथळा दिसला की मी सरळ पान उलटते. सोपं म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. आधी जे काम एका टेबलावर अडायचं ते तीन टेबलांवर अडतं, आणि तिन्ही टेबलांवरची माणसं हसून सांगतात, मॅडम, आता तर काहीच लागत नाही.

मी तेव्हा मुकुटबनकडच्या एका शाळेत शिकवायची आणि आईबाबांसोबत खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायची. बाबा कोळशाच्या खाणीत पंपावर होते. खाणीत साचलेलं पाणी उपसून बाहेर काढायचं, हे त्यांनी उभी नोकरी केलं. ते रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं होतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, नियमच तो. प्रश्न एवढाच होता, की त्या दिवसाआधी आपलं घर उभं राहतं की नाही.

प्लॉट बाबांनी आधीच घेऊन ठेवला होता. आमचं गाव वणीच्या पुढचं, वणीसारखंच कोळशावर फुगत चाललेलं. कापसाचे दिवस वाईट होते. एक वर्ष बोंडअळीनं खाल्लं, दुसरं वर्ष बाजारानं, असं चाललेलं. गावाला लागून ज्याचं वावर असेल तो त्याची एक बाजू पाडून प्लॉट म्हणून विकायचा. आम्हाला विकणाऱ्या शेतकऱ्यानंही रस्त्याकडची बाजू अशीच विकली. चुन्याच्या रेषा, कोपऱ्याला दगड, दगडावर लाल ऑइलपेंटनं नंबर. आमचा एकवीस.

बाबांना प्लॉटापेक्षा त्या नंबराचं कौतुक जास्त. याचं कारण इथंच सांगून टाकते. बाबांचं बालपण झरीकडच्या एका खेड्यात गेलं, नाल्याच्या पल्याडच्या वस्तीत. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव नाल्यात सोडले, पोरं शाळेत घातली. घर मात्र नाल्याच्या पल्याडच राहिलं. त्यामुळे पत्ता सांगितला की माणूस कोण तेही सांगून व्हायचं. बाबा लहानपणी शेजारच्या गावात निरोप घेऊन गेले, तिथल्या बाईनं पाण्याचा पेला आणला, आणि 'कुठला रे तू' विचारल्यावर त्यांनी 'नाल्याच्या पल्याडचा' म्हटलं. पेला तसाच आत गेला. बाबा ही गोष्ट वर्षातून एकदा सांगायचे, कधी हसत, कधी न हसता. मग म्हणायचे, 'खाणीत क्वार्टरले नंबर भेटला तवा बरं वाटलं बाई. कोनी इचारलं कुठं राह्यता, तं नंबर सांगायचा. नंबराले जात नसते.'

क्वार्टरचा नंबर खाणीचा होता. आता त्यांना स्वतःचा पाहिजे होता.

आमच्याकडं एक रीत आहे, आणि पुढचा सगळा घोळ त्या रीतीचा आहे. रिकामी काळी जमीन कुणाला बघवत नाही. प्लॉट विकले तरी घरं उभी राहीपर्यंत जुना मालक तिथं पेरत राहतो, आणि प्लॉटवाले पेरू देतात. कागद नाही, बोलणी नाही. मृग लागायच्या आधी तो शेतकरी क्वार्टरवर आला, चहा घेतला आणि म्हणाला, 'भाऊ, तुमची जागा पडलीच हाये. पऱ्हाटी लावू काय?' पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड.

'लाव ना,' बाबा म्हणाले. 'पडीत कायले ठेवतं.'

मी म्हटलं, 'बाबा, निदान लिहून तरी घ्या.' दोघंही माझ्याकडं असं बघू लागले जणू मी चहाचे पैसे मागितले. माणूस चांगला होता, त्यात वाद नाही. त्याची बायको, मी तिला काकू म्हणायची, तुरीच्या शेंगा आणून द्यायची. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहीभात ठेवून पूजा करतात, तर त्या आमच्याही तुकड्यावर करायच्या आणि उरलेला दहीभात डब्यातून बाबांना आणून द्यायच्या. बाबा पूजेबिजेतले नाहीत. पण दहीभात आवडीनं खायचे, आणि रविवारी सायकलनं जाऊन एकवीस नंबरची बोंडं बघून यायचे. येऊन आईला सांगायचे, 'आपल्या हॉलमधी मस्त फुटून राह्यली पऱ्हाटी.'

रिटायरमेंटला दीड वर्ष असताना पेपरात बातमी आली. गाव वाढतंय, घरं कमी पडतायत, म्हणून शहराच्या आराखड्यात आलेल्या शेतजमिनीवर घर बांधायला आता वेगळा अकृषक आदेश लागणार नाही. सरळ नगरपंचायतीकडं जायचं, नकाशा द्यायचा, परवानगी घ्यायची. बाबांनी ते कात्रण कापून पाकिटात ठेवलं. आईनं त्या दिवशी शिरा केला. मीसुद्धा खाल्ला, खोटं कशाला बोलू.

अर्ज घेऊन मी गेले. तिथला कारकून सभ्य माणूस होता, बसायला खुर्ची दिली. फाइल चाळली, सातबारा काढला आणि चष्मा वर केला.

'मॅडम, तुमच्या प्लॉटवर तं कापूस हाये.'

म्हटलं, 'असू द्या की. घर बांधायचं तेव्हा काढू.'

'तसं नाई जमत. पीकपेऱ्यात कापूस चढलाय. पीक असलेल्या जमिनीवर घराची परवानगी कशी देऊ? उद्या वरून इचारलं तं?'

'नियमात असं कुठं लिहिलंय?'

'नियमात नाई,' तो शांतपणे म्हणाला. 'पण इचारतात.'

सातबाऱ्यावर दर वर्षी तलाठी काय पेरलं ते लिहितो. आमच्याकडं तलाठी काही वावर फिरून लिहीत नाही. तो पारावर बसतो, शेतकरी सांगतात, तो मांडतो. निम्म्या वेळा चुकीचंच असतं. ज्यानं तीळ लावला त्याच्या नावावर ज्वारी, विहीर नसलेल्याच्या नावावर विहीर. आणि नेमका आमच्या एकवीस नंबरपुरता सरकारी कागद खरा निघाला. आयुष्यात पहिल्यांदा रेकॉर्डमध्ये खरं लिहिलेलं सापडलं, आणि तेच नडलं. याला काय म्हणावं?

मी तडक शेतकऱ्याकडं गेले. तो धुऱ्यावर बसून भाकर खात होता. म्हटलं, 'काका, तुम्ही प्लॉटांवर कापूस कशाला सांगितला?'

'आता कापूसच लावला तं काय सांगू बाई, ऊस?' तो म्हणाला. 'आन् अळी आली, मदत जाहीर झाली, तं पेरा पाह्यतात ना. नाई सांगतलं तं आमी मेलो.'

त्याचंही खरं होतं. माझी हीच पंचाईत होती, ज्याच्याशी भांडायला जावं त्याचंच खरं निघायचं.

कारकुनानं रस्ता सांगितला. वेचणी होऊ द्या, जमीन मोकळी करा, मग स्थळपाहणी लावू. ठीक. वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, जमीन मोकळी झाली. मी पाहणीसाठी अर्ज दिला. माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रात विचारलं तर पाहणीचा माणूस निवडणुकीच्या कामावर. वैशाखात विचारलं तर बदलून गेलेला. नवा आला तेव्हा शाळेच्या सुट्या संपत आलेल्या, आणि आभाळ भरलेलं. एका संध्याकाळी घरी येते तर व्हरांड्यात शेतकरी बसलेला, हातात चहा.

मी चप्पल काढायच्या आधी बाबांना म्हटलं, 'तुम्ही हो म्हणाला नाहीत ना?'

बाबांनी बशी खाली ठेवली. 'मृग आला बाई. आता जमीन उघडी ठेवतं काय? सायेब कवा येईन कोनाले मालूम.'

मी त्या रात्री जेवले नाही. लहान पोरीसारखी रुसून बसले, नोकरी करणारी बाई असून. ज्या घरासाठी मी शाळा सुटल्यावर बस पकडून कचेऱ्या गाठत होते, ज्यासाठी माझी अर्धी रजा गेली, त्या घराच्या जागेवर या माणसानं स्वतःच्या तोंडानं पुन्हा कापूस लावून घेतला. सरकारवर राग यायचा तो यायचाच. पण सरकार समोर बसून डाळभात खात नाही. बाबा खात होते.

मग सुधारणेत सुधारणा आली. घरांचा पुरवठा आणखी वेगानं वाढावा म्हणून नवा नमुना निघाला. जुन्या नमुन्यातले सगळे अर्ज बाद. नवे अर्ज कॉम्प्युटरवरून भरायचे, आणि भरल्यावर त्याची प्रत काढून कचेरीत नेऊन द्यायची. मी म्हटलं, मग कॉम्प्युटरवर कशासाठी? कारकून म्हणाला, 'सोपं व्हावं म्हणून.' त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो चेष्टा करत होता की नाही, मला आजही माहीत नाही.

बाबा आश्विनात रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं. दुसऱ्या दिवसापासून क्वार्टरचे दिवस मोजायला लागायचे होते. दिवाळीच्या सुटीत मी आणि बाबा खोल्या शोधायला निघालो. बाबांनी रिटायरमेंटला शिवलेला शर्ट घातला होता. पहिल्या घरी मालक बोलका होता. खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, भाडं सांगितलं. मग जिन्यात थांबून विचारलं, 'आडनाव काय तुमचं?'

बाबांनी सांगितलं.

'हां हां,' तो म्हणाला. 'तसं नाई, पन भाचा येनार म्हनत होता नागपूरहून. पाहून सांगतो.'

दुसऱ्या घरी आडनाव दारातच विचारलं. तिसऱ्या घरी बाबांनी स्वतःच आधी सांगून टाकलं, म्हणजे जिना चढायला नको. मी आतून पेटले होते. मला त्या पहिल्या मालकाला विचारायचं होतं, भाच्याचं आडनाव काय ते सांगा बरं. बाबांनी माझ्या दंडाला हात लावला आणि निघाले. शेवटी खोली मिळाली ती आमच्याच लोकांच्या वस्तीत, गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याला लागून. वस्ती चांगली होती, माणसं मायेची होती, शेजारच्या बाईनं पहिल्याच दिवशी पाणी भरून ठेवलं. बाबा खाटेवर बसले आणि खिडकीतून नाल्याकडं बघत राहिले. म्हणाले, 'फिरून इथंच आलो बाई.' मला तेव्हा रडू आलं, आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला.

त्याच आठवड्यात कागद आला, की स्थळपाहणी कार्तिकातल्या अमक्या तारखेला, सकाळी. जागा मोकळी असावी, पीक आढळल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. आणि एकवीस नंबरवर पऱ्हाटी कमरेएवढी, बोंडं नुकती फुटायला लागलेली. सीतादहीसुद्धा व्हायचं होतं.

मी बाबांना म्हटलं, 'आता काकांना सांगा, उपटा म्हणावं. आपला तुकडाच तर आहे.'

'मी नाई सांगत,' बाबा म्हणाले. 'फुटलेलं बोंड उपटा म्हनून मी कोनाले सांगनार नाई. महिनाभरानं होते वेचणी. तारीख वाढून माग.'

'तारीख वाढवून मागितली तर पुढच्या वर्षी मिळेल. तोवर इथंच राहायचं का?'

मग मीच काकांच्या दारात गेले सांगायला. त्या वर्षी अळीनं त्यांचं मागचं सगळं वावर पोखरलं होतं. रस्त्याकडची ही प्लॉटांची बाजूच काय ती धड होती. मी खोलीचं सांगितलं, आडनावाचं आणि त्या भाच्याचं सांगितलं, पाहणीचं सांगितलं, आणि उपटा म्हणायचं तेवढं सोडून परत आले.

पाहणीच्या आदल्या सकाळी बाबा आणि मी तिकडं गेलो, निदान बघू म्हणून. काका आणि काकू आमच्या प्लॉटात वाकलेले. एकवीस नंबरची अर्धी पऱ्हाटी उपटून झाली होती. काकूंनी फुटलेली बोंडं आधी ओटीत वेचली होती. न फुटलेली झाडासकट धुऱ्यावर रचली होती, हिरवीच्या हिरवी.

बाबा सायकल टाकून आत गेले. 'भाऊ, हे कायले केलं?'

'मंग काय त्या भाच्याच्या घरी राह्यता काय?' काका न बघता म्हणाले आणि पुढचं झाड धरलं.

बाबा नव्या शर्टाच्या बाह्या वर करून त्यांच्या ओळीला लागले. मीही वाकले. काळ्या जमिनीतून ओली पऱ्हाटी सहज निघत नाही, हाताची सालं जातात. दुपारपर्यंत एकवीस नंबर कोरा झाला, आजूबाजूला पांढरी पऱ्हाटी आणि मध्ये एक काळा चौकोन. जाताना काकूंनी डबा उघडला. त्यांनी सकाळीच दहीभात करून आणला होता.

दुसऱ्या दिवशी पाहणीवाला आला नाही.

आम्ही नऊ वाजल्यापासून दगडावर बसलो. बारा वाजता मी फोन केला. साहेब मीटिंगमध्ये. तीन वाजता साहेब जिल्ह्याला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. तो आला महिन्यानं, जेव्हा आजूबाजूच्या प्लॉटांची पहिली वेचणी झाली होती. मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नाही. 'मोकळाच आहे ना,' म्हणाला, लिहिलं आणि गेला. काकांनी ती झाडं महिनाभर ठेवली असती तरी चाललं असतं. मी घरी येऊन भांडी आपटली.

परवानगी निघाली. उन्हाळ्यात पाया, पावसाळ्यात भिंती, पुढच्या थंडीत आम्ही राहायला गेलो. प्लास्टर बाकी, फरशी बाकी, पण दार आपलं. बाबा म्हणाले, आता घर नंबर आण. मी नगरपंचायतीत गेले. तोच कारकून, तीच खुर्ची, तोच चष्मा.

'मॅडम, पेऱ्यात अजून कापूसच हाये.'

'कापूस उपटला. तुमच्याच माणसानं पाहून लिहिलं. वर घर बांधलं. मी त्या घरात झोपते.'

'हो, पण त्या वर्षीचा पेरा तलाठ्यानं आधीच चढवला होता. दुरुस्तीचा अर्ज द्या, मग नंबर देऊ.' एवढं बोलून तो थोडा वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, 'पण एक सांगू? बोंडअळीची मदत त्याच पेऱ्यावर येऊन राह्यली. दुरुस्ती लागली की चौकशी होईपर्यंत त्या शेतकऱ्याच्या पूर्ण वावराची थांबते.'

मी अर्ज लिहून घरी आणला, बाबांची सही पाहिजे होती. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग घडी करून माझ्या हातात दिला.

'राहू दे यंदा.'

'बाबा, नंबर मिळणार नाही त्याशिवाय.'

'कापूस होता ना तिथं? त्यानं लावला, त्यानंच उपटला. कागदावर तरी उभा राहू दे ना वर्षभर.'

मी काय काय नाही बोलले. म्हटलं, तुम्हाला घर हवं होतं की नंबर, एकदा ठरवा. ज्या नंबरासाठी एवढं रान उठवलं तो हाताशी आला तर तुम्हीच मागं सरता. आई म्हणाली, हळू बोल, नवीन घर आहे. बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या रंगातला उरलेला रंग घेतला, स्टुलावर चढले आणि बिनप्लास्टरच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, हातभर आकडे काढले. २१. त्यातला १ थोडा वाकडा आला.

नगरपंचायतीचा खरा नंबर आला तो पुढं दीड वर्षानं, तोही चार आकडी आणि त्यापुढं एक तिरकी रेघ मारून पुन्हा एक आकडा. बाबांनी तो कधी पाठ केला नाही.

पण त्याच्या आधीच, रंग वाळून महिना झाला असेल, एक दिवस भर उन्हात पोस्टमन आला. नवा माणूस होता, या बाजूला कधी आलेला नव्हता. बाबांनी पेन्शनच्या फॉर्मवर पत्ता लिहिला होता, प्लॉट नंबर एकवीस. मी त्यावरूनही चिडले होते, असा पत्ता कुठं असतो का म्हणून. पोस्टमन सायकल टेकवून भिंतीकडं बघत होता.

'एकवीस नंबर हाच काय?'

बाबा खुर्चीवरून उठले. 'हौ,' म्हणाले. 'एकवीस.'

पाकिटावर आमचं आडनाव ठळक छापलेलं होतं. ते त्यानं मोठ्यानं वाचलं, सही घेतली आणि म्हणाला, 'काका, थोडं पानी भेटंन काय?' आईनं माठातलं पाणी दिलं. बाबांनीच पेला त्याच्या हातात नेऊन दिला आणि समोर उभे राहिले. त्यानं तो एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि आणखी एक मागितला.